कोपरा फाडलेलं कार्ड

तेर, सोमवार, १८ डिसेंबर १९४४

ती. सिद्धेश्वरदादा,
शरणार्थ.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली, ती आधी दुरुस्त करते. शिवगंगाच्या कार्डाचा खालचा कोपरा टपालात फाटला, असं मी लिहिलं होतं. तो टपालात फाटलेला नाही. तसा फाटला असता तर त्याबरोबर शब्दही गेले असते. एकही शब्द गेलेला नाही. शेवटची ओळ फाटलेल्या जागेपाशी येते आणि वर वळते. म्हणजे तिनं लिहायला घेतलं तेव्हाच कोपरा नव्हता. शिवाय कड वेडीवाकडी नाही. दुमडून, नखानं रेघ दाबून मग फाडल्यासारखी सरळ आहे.

त्या दिवशी काय झालं तेही नीट सांगते, कारण ते मी गाळलं होतं. टपालवाल्यानं कार्ड तिच्या घरी, बंडप्पाकाकांच्या ओसरीवर टाकलं. मल्लम्माकाकूंना वाचता येत नाही. त्यांनी कार्ड उचललं, कोपरा पाहिला आणि "आगं माझी पोर!" म्हणून असा हंबरडा फोडला की मी दुकानातून लंगडत धावत गेले. कोपरा फाडलेलं कार्ड मयताचं. ते कुणी उंबऱ्याच्या आत नेत नाही, बाहेरच वाचतात, हे लहान पोरालाही ठाऊक. मी कार्ड हातात घेतलं, वाचलं आणि हसले. "काकू, तिच्याच हातचं आहे. मेलेलं माणूस कार्ड लिहितं का?" शिवगंगाची धाकटी बहीण इरम्मा म्हणाली, "अव्वा, रडून झालं आसंल तर भाकरी वाढ." सगळेच हसलो. मग ते कार्ड मी माझ्या हातानं आत नेलं आणि देवळीत ठेवलं.

त्यात लिहिलं होतं ते एवढंच, की सुखरूप पोचले, कमलबाई चांगल्या आहेत, काळजी करू नये. आता मला ते हसणं सलतं.

शिवगंगा तुम्ही पाहिलेली आहे. नवऱ्यानं टाकली म्हणून दोन वर्षं माहेरी होती. इथल्या मदरशात सगळं उर्दू आणि तेही मुलांना, म्हणून अप्पांनी मला घरीच मोडी आणि हिशेब शिकवले, तुम्ही इंग्रजी शिकवलंत, आणि तुम्ही मुंबईहून पाठवलेल्या जाहिरातींच्या कात्रणांवर मी दुकानामागच्या पडवीत या मुलींना शिकवते. साबण, चहा, घड्याळ, 'पाहिजेत'ची सदरं. शिवगंगा सगळ्यांत पुढं होती. दिवाळीनंतर कमलबाई आल्या, मुंबईत मुलींना दुकानातलं काम शिकवणारी संस्था आहे म्हणाल्या, आणि तिला घेऊन गेल्या.

एक विचारायचं राहिलं. त्या बाई तेरमध्ये उतरल्या त्या सरळ आमच्या दुकानाशी आल्या आणि म्हणाल्या, "इंग्रजी शिकणाऱ्या मुली इथंच ना?" त्यांना हे कुणी सांगितलं असेल?

तुमची
शिवकांता

•

मुंबई, मंगळवार, २६ डिसेंबर १९४४

चि. शिवकांतास अनेक आशीर्वाद.

तुझी नजर इतकी बारीक असेल हे माहीत असतं तर आमच्या कचेरीत मुद्रितं तपासायला तुलाच बसवलं असतं. आमचे साहेब रोज एक चूक सोडतात आणि रोज माझ्या नावावर घालतात.

अगं, लढाईचे दिवस आहेत. कागद मिळत नाही. इथं आम्ही वापरलेल्या पाकिटांच्या पाठी वापरतो. पोरीला कुणी फाटकं कार्ड दिलं असेल, तिनं त्यावर लिहिलं. त्यात मयत कुठून आलं? मल्लम्माकाकूंचं सोड, त्यांना कावळा ओरडला तरी पाहुणा मेला असं वाटतं. पण तू?

सोबत नवा धडा पाठवतो. विषय जाहिरात. एका दंतमंजनाची आहे. तिच्यात दात किडतात हे कुठंही लिहिलेलं नाही, नुसती हसणारी बाई आहे. मुलींना सांग, चांगली जाहिरात खोटं बोलत नाही. काय सांगायचं नाही, एवढंच ती ठरवते. आठवा धडा, शहरातल्या जीवनाचा, पाठ झाला का ते कळव. तो मी स्वतः रचला आहे, कुठल्या पुस्तकातला नाही.

सवड मिळाली की संस्थेत जाऊन येईन. अप्पाकाकांना नमस्कार.

तुझा दादा
सिद्धेश्वर

•

तेर, शनिवार, ६ जानेवारी १९४५

ती. दादा,
शरणार्थ.

तुमचा कागदाच्या टंचाईचा खुलासा मी मान्य केला होता आणि मन हलकं झालं होतं. काल दुसरं कार्ड आलं. त्याचाही तोच कोपरा फाडलेला आहे.

मजकूर जसाच्या तसा उतरवते: "इथं सर्व कुशल आहे. खोली हवेशीर आहे. मालक दयाळू आहेत. जेवण वेळेवर मिळतं. संध्याकाळी आम्ही मैत्रिणी ट्राममध्ये बसून समुद्राच्या काठाकाठानं जातो आणि दुकानांच्या पाट्या वाचतो."

वाचताना इरम्मा मध्येच माझ्याबरोबर म्हणू लागली. मी दचकले. दादा, हा तुमचा आठवा धडा आहे. इंग्रजीत आम्ही तो तोंडपाठ केला होता. शिवगंगानं त्याचंच मराठी करून पाठवलं आहे. तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही. आईचा दमा, म्हैस व्याली का, माझ्या पायाला तेल लावते का, काही नाही. ती तर इथं असताना डोकं खाईपर्यंत बोलायची.

इरम्मा म्हणाली, "अक्का, ती आपल्याला दाखवती, बघा म्हणून, माझा धडा इसरला न्हाई." तसंही असेल. चांगल्या बाजूनं पाहायचं तर तसंच.

पण टपालाचा शिक्का मी वाचला. तुमच्यामुळंच वाचता येतो. पहिल्या कार्डावर मुंबई स्पष्ट होतं. या शिक्क्यातलं पहिलं अक्षर 'के' आहे, पुढचं पुसलेलं आहे. मुंबईत राहून 'के'च्या गावाहून कार्ड का टाकावं?

आणि आणखी एक. कोपरा फाडण्याची रीत कमलबाईंना ठाऊक असणारच, त्या आपल्या मुलखातल्या. त्यांच्या हाताखालून दोन्हींपैकी एकही कार्ड सुटलं नसतं. म्हणजे हे लिहून घेणाऱ्याला आपली रीत माहीत नाही, आणि कमलबाई आता तिच्याजवळ नाहीत, असं मला वाटतं. दोन मोकळे शब्द लिहायची सोय नसेल तर माणूस काय करील? जे तिथल्या कुणाला वाचता येत नाही ते लिहील.

आता माझ्याविषयी जे खरं आहे तेही लिहिते, म्हणजे तुम्ही माझं बोलणं तोलून घ्याल. बाई आल्या तेव्हा मीही जायला तयार होते. त्यांनी माझा पाय पाहिला आणि म्हणाल्या, "दुकानात दिवसभर उभं राहावं लागतं गं." मी मनात फार रडले. तेव्हा ही शंका हेव्यातून तर येत नाही ना, हे मी स्वतःला रोज विचारते. शिक्का मात्र हेव्यानं बदलत नाही.

बाईंचं पत्र बंडप्पाकाकांना आलं आहे. संक्रांतीनंतर येणार, या खेपेला इरम्मा आणि आणखी दोघी. तुम्ही लवकर जाऊन शिवगंगाला डोळ्यांनी पाहून या. माझ्या मागच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तुम्ही विसरलात.

शिवकांता

•

मुंबई, सोमवार, १५ जानेवारी १९४५

चि. शिवकांतास आशीर्वाद. तिळगूळ घे, गोड बोल. हे या पत्रात मुद्दाम लिहितो.

काल रविवार, संक्रांत, म्हणून संस्थेत जाऊन आलो. चांगली दुमजली इमारत आहे. दारावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही पाट्या आहेत. कमलबाईंनी चहा दिला. मुली कामावर गेल्या होत्या. त्यांनी भरलेले रुमाल दाखवले, एकावर शिवगंगाचं नाव होतं. सगळं व्यवस्थित आहे. 'के' म्हणजे कल्याण. तिथं त्यांचं एक दुकान आहे असं बाई म्हणाल्या.

धडा पाठवला तर त्यात भिण्यासारखं काय? तुम्हा मुलींना तो शिकवला तो वापरण्यासाठीच ना?

रागावू नकोस, पण तूच लिहिलंस म्हणून लिहितो. तुला नेलं नाही याचं दुःख मला कळतं. त्या दुःखानं इरम्माची वाट अडवू नकोस. गावात राहून तिचं काय होणार आहे? कुणा बिजवराच्या घरी भाकऱ्या.

अप्पाकाकांपाशी यातलं काही बोलू नकोस.

तुझा दादा

•

तेर, बुधवार, २४ जानेवारी १९४५

ती. दादा,
शरणार्थ.

तुमचं पत्र मी पुष्कळदा वाचलं. इमारत पाहिलीत, पाट्या, चहा, रुमाल. शिवगंगाला पाहिलं असं त्यात कुठंच नाही. काय सांगायचं नाही ते तुम्ही ठरवलेलं दिसतं. आणि रुमालावरच्या नावाविषयी: शिवगंगाला भरतकाम येत नाही. सुई दिली की ती पळून जायची, मल्लम्माकाकू तिला त्यावरून "हिच्या हातात दोरा टिकंना, नवरा काय टिकंल" म्हणायच्या. दोन महिन्यांत शिकली असेल, हे मी नाकारत नाही.

कमलबाई येऊन गेल्या. बंडप्पाकाकांच्या ओसरीवर तिघी मुलींना ओळीनं उभं केलं. इंग्रजी किती येतं हे एकीलाही विचारलं नाही. इरम्मा बिचारी साबणाची अख्खी जाहिरात म्हणायला निघाली होती. बाई म्हणाल्या, "पुरे गं, छान. जरा हस बघू." मग दात पाहिले. वेणी सोडून केस पाहिले. एकीच्या मानेवर भाजल्याचा डाग होता, तिला बाजूला केलं आणि तिच्या जागी दुसरी घेतली. बैलबाजारात अप्पा असेच पाहतात. मी तिथं सूप घेऊन बसले होते, माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

शेवटी मी विचारलं, "बाई, शिवगंगा कुठल्या दुकानात असते?"

त्या हसल्या. "दादरच्या. फार हुशार मुलगी!"

"मग कल्याणहून कार्ड कसं आलं?"

"तू फार विचार करतेस गं. तुझे दादा आमचेच आहेत, त्यांना विचार."

आमचेच, म्हणजे काय, दादा? तुम्ही तर फक्त रविवारी एकदा चहा घेतलात.

इरम्माला मी बाजूला घेऊन सांगितलं, थोडं थांब. ती म्हणाली, "अक्का, मग शिकवलं कशापायी? म्हशीला साबण विकायला?" जायची हौस तिला मीच लावली. तिघींनाही मीच लावली.

निघायचा दिवस ठरला आहे. शिवरात्र रविवारी, सोमवारी अवस, म्हणून बाई मंगळवारी मुक्कामाला येणार, आणि बुधवारी, १४ फेब्रुवारीला, पहाटे बैलगाडीनं ढोकी स्टेशन. तिथून लहान गाडीनं कुर्डुवाडी, पुढं मुंबई. वाटेत बार्शीच्या बाजूला करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका लागतो. तिथं तुपाचा डबाही लिहून घेतात. मुलगी कुणी लिहून घेत नाही.

मला दोनच गोष्टींची उत्तरं हवीत. मुंबईत समुद्राच्या काठाकाठानं ट्राम जाते का? आणि कमलबाईंना आमचं दुकान कुणी सांगितलं?

शिवकांता

•

मुंबई, बुधवार, ३१ जानेवारी १९४५

शिवकांता,

नाही जात. समुद्राच्या काठानं ट्रामच नाही. ते वाक्य मी मनानं रचलं होतं. तेरच्या मुलींना समुद्र आणि ट्राम एकाच वाक्यात मिळावेत, म्हणून. मुंबईत राहणारं कुणीही आठ दिवसांत हसेल असं वाक्य आहे. ती दोन महिने राहून ते लिहिते. म्हणजे तिनं ट्रामही पाहिली नाही आणि समुद्रही. तुझं आधीचं पत्र आलं तेव्हाच हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलंही असेल. मी ते बाजूला सारलं.

मी तिला पाहिलं नाही. काल पुन्हा गेलो, न सांगता. कमलबाई नव्हत्या. पहारेकऱ्याला विडी दिली. त्याला विचारलं, मुली कुठं राहतात? म्हणाला, "इथं कुणी राहत नाही साहेब. आल्या की आठ-दहा दिवसांत पुढं जातात." पुढं कुठं? "ते शेठ जाणे. लढाई चालू आहे, सगळीकडं मागणी आहे." मागणी हा शब्द मी रोज कचेरीत वापरतो. तिथं तो ऐकला आणि मी पुढं काही न विचारता निघालो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. संस्थेची जाहिरात आमच्या कचेरीतून निघते. मराठी मजकूर माझा आहे. 'घरच्यासारखी माया, शहरातलं शिक्षण' हे माझंच. मजकूर पसंत पडला तेव्हा संस्थेचे शेठ सहज म्हणाले, चुणचुणीत मुली खेड्यात कुठं मिळतात? मी फुशारकीनं म्हणालो, आमच्या तेरला या, माझी बहीण किराणा दुकानामागं इंग्रजी शिकवते.

तू काही करू नकोस. बाईंना संशय आला तर शिवगंगाचा मागही बुजेल. मी एका वकिलाला भेटलो आहे. तो म्हणतो, पुरावा काय? फाटलेली कार्डं दाखवली तर फौजदार हसेल. शिवाय मुली तुमच्या निजामी मुलखातल्या, गुन्हा इथला, दोन सरकारांचं काम. रजा मिळाली की वीस तारखेच्या सुमारास येतो, मग काकांशी बोलू. तोवर थांब.

सिद्धेश्वर

•

तेर, गुरुवार, ८ फेब्रुवारी १९४५

ती. दादा,
शरणार्थ.

वीस तारखेला इथं तिघींची रिकामी अंथरुणं असतील. मी थांबू शकत नाही.

तुम्ही मनाई केली होती तरी मी अप्पांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वजनं पुसत राहिले आणि म्हणाले, "पोर बंडप्पाची. त्यानं शब्द दिला. आपण मधी पडून कोण?" मग मी त्यांना घेऊन बंडप्पाकाकांकडं गेले. तुमचं पत्र वाचून दाखवलं. पहारेकऱ्याचं बोलणंही वाचलं. काका म्हणाले, "विडी फुकणाऱ्या गड्याचं खरं, आन् त्या शिकल्या-सवरल्या बाईचं खोटं व्हय? लंगडीला कुणी न्हेईना, म्हणून ही दुसऱ्याच्या पोरीच्या पायात पाय घालती." अप्पांनी मान खाली घातली. इरम्मा आतून सगळं ऐकत होती, ती माझ्याशी बोलेनाशी झाली आहे.

मी निघाले तेव्हा मल्लम्माकाकू परड्यापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्या दिशी तू हसलीस, म्हणून म्या गप बसले." मग आत गेल्या.

त्या एका वाक्यावर मी चार दिवस आहे. कार्डाचा अर्थ त्यांनी बरोबर वाचला होता. मी शब्द वाचून दाखवले आणि तो पुसला. आता शब्दांवर माझं इथं कुणी ऐकणार नाही. तुमच्या शब्दांवरही नाही; कमलबाईंचे शब्द तुम्हीच त्यांना लिहून दिलेत, ते तुमच्यापेक्षा गोड आहेत. पण कोपऱ्याशी कुणी वाद घालत नाही.

मंगळवारी दिवेलागणीला बंडप्पाकाकांकडं तिघी मुलींच्या ओट्या भरणार आहेत. तिघींच्या आया, गल्लीतल्या बायका, कमलबाई, सगळ्या ओसरीवर असतील. मी दोन्ही कार्डं घेऊन दारात जाणार. उंबरा ओलांडणार नाही. कुणी "आत ये की" म्हणालं तर सांगणार, कोपरा फाडलेलं कार्ड आत नेत नाहीत. एकदा मी नेलं, ती चूक झाली. मग दोन्ही कार्डं दिव्यापुढं धरणार, ओळ कुठं वळली ते दाखवणार. वरचा मजकूर वाचणार नाही. शिवगंगा मेली असंही म्हणणार नाही, कारण ते मला माहीत नाही. तिनं स्वतःच्या हातानं स्वतःचं जे कळवलं आहे, तेवढंच सांगेन. मग ज्या आईला आपली मुलगी पहाटे गाडीत बसवायची असेल, तिनं बसवावी.

मयताची खबर आली असताना त्या दारातून कुणी मुलगी पाठवत नाही. कमलबाईंनाही ते ठाऊक आहे. त्या काय करतील याची मला भीती वाटते. बंडप्पाकाका मला मारतील, आणि इरम्मा मला कधीच माफ करणार नाही, हे होण्याजोगं आहे. तुम्ही म्हणता तसा शिवगंगाचा मागही बुजेल, हे सगळ्यांत वाईट. त्यासाठी हे पत्र मिळताच रजा मिळो न मिळो, त्या पहारेकऱ्याकडं पुन्हा जा आणि 'के' म्हणजे कुठलं गाव ते काढा. ते काम तुमचं आहे. आणि माझं इथं फसलंच, तर गुरुवारी बोरीबंदरला प्रत्येक गाडीपाशी उभे राहा. इरम्मा हिरवं लुगडं नेसेल. तुम्हाला पाहून ती इंग्रजीत बोलायला लागेल. तिला बोलू द्या आणि तिचा हात सोडू नका.

बुधवारची पहाट उशिराची ठरेल. माझा दिवस मंगळवार, १३ फेब्रुवारी.

शिवकांता